लेकरू किरकिर करालंय

मार्चमधली गोष्ट. आमच्या गल्लीत विडी वळणारी एक अक्का राहते. संध्याकाळी ती मुलाची शाळेची डायरी घेऊन माझ्याकडे आली. मुलगा साडेतीन वर्षांचा, इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत जाणारा. अक्काची घरची बोली तेलुगू, व्यवहाराची मराठी, इंग्रजी मात्र येत नाही. "बाई, हे काय लिवलंय बघा की." डायरीत लाल शाईने दोन ओळी होत्या: मूल हट्टी आहे, चिडचिड करतं, इतर मुलांना त्रास देतं, घरी समज द्यावी. मी मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "हट्टी न्हाई ओ तो. चार दिस झालं, नुसतं किरकिर करालंय."

मुलाच्या बापाने तोच मजकूर त्याच्या आधी कारखान्यात कुणाकडून तरी वाचून घेतला होता आणि घरी येऊन पोराला एक ठेवून दिली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलाच्या उशीवर पिवळा डाग दिसला. कान फुटला होता. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि सांगितलं की आतमध्ये चारपाच दिवस पू साठत असणार, पोराला झोपवलं की जास्त दुखत असणार.

त्या मुलाबद्दल, त्याच चार दिवसांबद्दल, दोन माणसांनी दोन शब्द वापरले. शिकलेल्या माणसाने मुलाचा स्वभाव सांगितला. न शिकलेल्या आईने मुलाला काय होतंय ते सांगितलं. तिचा शब्द बरोबर होता आणि डायरीत त्याला जागा नव्हती. तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. मराठी शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. मुलांना व्याकरणात 'किरकिर' शिकवताना मी त्याचा एवढा विचार कधी केला नव्हता.

शाळेच्या व्याकरणात तो 'अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द' म्हणून येतो. वटवट, गुणगुण, खडखड, कडकड, आणि त्यांच्या रांगेत किरकिर. म्हणजे ध्वनीवरून घडलेला आणि दोनदा म्हटलेला शब्द. त्याच्यामागे संस्कृत धातू शोधायला जाऊ नये. आवाज कानावर आला, तोंडाने त्याची नक्कल केली, नक्कल रूढ झाली. रातकिडे किरकिर करतात, तेल न घातलेलं चाक किरकिरतं, आणि न झोपणारं लेकरूही किरकिर करतं. तिन्ही आवाजांत एक गोष्ट सारखी आहे: बारीक, एका सुरातला, न थांबणारा. मोठ्याने रडणं म्हणजे किरकिर नव्हे. त्याला आपल्याकडे भोकाड पसरणं, टाहो फोडणं, हंबरडा असे मोठ्या तोंडाचे शब्द आहेत. किरकिरीत तोंड अर्धंच उघडतं.

या शब्दांत स्वर किती काम करतो ते नुसतं मोठ्याने म्हणून पाहिलं तरी कळतं. करकर म्हणजे नव्या वहाणांचा आवाज, उघडा आणि ठसठशीत. कुरकुर म्हणजे जुन्या बाजेचा, किंवा काम सांगितलं की माणसाच्या तोंडून दबून निघणारा. किरकिर त्या दोघांहून बारीक, उंच, लहान गळ्यातली. घुंगरांची किणकिण आणि नाण्यांची खणखण यांतही हाच फरक आहे. 'इ' आला की वस्तू लहान होते. लहान मुलाच्या त्राग्याला मराठीने जे शब्द दिले त्यांत हा 'इ' पुन्हापुन्हा येतो: किरकिर, पिरपिर. पिरपिर तर पावसाचीही असते. आमच्या सोलापुरात पाऊस कमीच, जो काही भरवशाचा तो सप्टेंबरात, पण कधी दिवसभर बारीक पाऊस लागून राहिला, ना भिजवतो ना उघडतो, की आजी म्हणायची, "काय पिरपिर लावलीय." तेच वाक्य ती माझ्या धाकट्या भावालाही म्हणायची. आजीच्या लेखी पाऊस आणि पोर दोघांवरही रागावून उपयोग नव्हता. छत्री घ्यायची नाहीतर मांडीवर घ्यायचं.

'चिडचिड' त्याच्या शेजारी बसवला जातो. दिसायला दोघे जुळे, पण घडण वेगळी. चिडचिड 'चिडणे' या क्रियापदावरून आलेली. चिडणाऱ्याला कुणावर तरी चिडावं लागतं, म्हणजे तिथे मन आलं, राग आला, समोरचा माणूस आला. किरकिरीत यातलं काहीच नाही, ती फक्त आवाजाची नोंद आहे. 'लेकरू चिडचिडं झालंय' असं म्हटलं की आपण त्याच्या आत शिरून निदान केलं. 'किरकिर करतंय' म्हटलं की आपण बाहेर उभे आहोत, ऐकतो आहोत, अजून ठरवलेलं नाही. लहान मुलाच्या बाबतीत न ठरवता ऐकत राहणं ही मोठी गोष्ट आहे.

आणखी एक जोडी बघा. हट्ट कशाचा तरी असतो. रुसवा कुणावर तरी असतो. किरकिर नुसती असते. फुगा हवा म्हणून रस्त्यात बसकण मारणाऱ्या मुलाला फुगा दिला की हट्ट संपतो, निदान तेवढ्यापुरता. किरकिरणाऱ्या मुलाला फुगा द्या, ते फेकून देतं. बिस्किट द्या, चावून थुंकतं. उचला तर खाली उतरायचं असतं, उतरवलं तर वर यायचं असतं. त्याला काय हवंय हे त्यालाच माहीत नाही, कारण त्याला काही हवं नसून काहीतरी होतंय. हा भेद आपल्या आज्ज्यांनी शब्दांतच करून ठेवला होता. 'हट्टी' असं विशेषण स्वभावाला लागतं. किरकिर ही क्रिया आहे, ती 'करतात', 'लावतात', तिला सुरुवात असते आणि शेवटही असतो. "कवापासून किरकिर करालंय?" हा प्रश्न मराठीत सहज विचारता येतो. "कवापासून हट्टी आहे?" असं कुणी विचारत नाही.

सोलापुरात हा शब्द कुणाचा, यावर शिक्षकांच्या खोलीत माझा एका कन्नडभाषक सहकारी बाईंशी गोड वाद चालायचा. त्या म्हणायच्या, किरिकिरी तर आमचा. कन्नडमध्ये तो शब्द रोजचा आहे: कटकट, त्रास, भुणभुण या अर्थाचा. शिवाय कन्नडमध्ये 'किरि' म्हणजे लहान, धाकटा. मग लहान्याची ती किरिकिरी, अशी त्यांची व्युत्पत्ती. ऐकायला सुंदर, पण मला पटली नाही आणि आजही पटत नाही. रातकिड्याला आणि चाकाला धाकटेपणा कुठला? ध्वनीवरून घडलेल्या शब्दाला मागाहून अर्थ चिकटवण्याचा मोह सगळ्याच भाषांत होतो.

पण त्यांचं एक म्हणणं खरं होतं, की हा शब्द एकट्या मराठीचा नाही. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ साली भारत हे एक 'भाषिक क्षेत्र' आहे अशी मांडणी केली. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा शेजारी नांदून एकमेकींसारख्या होत गेल्या. पुढे १९६९ साली त्याने याच ध्वन्यनुकारी शब्दांवर निबंध लिहिला आणि दाखवलं की हे दुहेरी शब्द द्राविडी आणि आर्य अशा दोन्ही कुळांतल्या भाषांत सापडतात, तेही इतक्या सारख्या रूपांत, की ती या भूमीचीच सामाईक ठेव मानावी लागते. मराठी आणि कन्नड कुळाने वेगळ्या. सोलापुरात मात्र त्या एका नळावर पाणी भरतात, आणि तिसरी तेलुगू त्यांच्या पाठीमागे घागर घेऊन उभी असते. ज्या संत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला जानेवारीत सगळं शहर लोटतं, त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि नंदीध्वजामागून चालणाऱ्यांची तोंडं मराठीत बोलतात. अशा गावात शब्दाचा सातबारा काढून काय करायचं?

शब्द सामाईक असला तरी अर्थाच्या सीमा मात्र भाषेगणिक हलतात, आणि इथूनच हा प्रश्न माझ्या स्टाफरूममधून बाहेर सार्वजनिक जागेत येतो. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत मुलाच्या त्राग्याला 'मारां' म्हणतात. मारां करणं हे आपल्या हट्टाच्या, लाडाच्या जवळचं आहे. 'पेची'ही म्हणतात, तो आपल्या 'पेच'चाच भाऊ, फारसीतून आलेला, भांडणाकडे झुकणारा. कन्नड घरांत 'रच्चे' धरतात. त्यात न थांबता रडत राहणं आहे, पिच्छा पुरवणं आहे. यांतला कुठलाच शब्द 'किरकिर'च्या मापात तंतोतंत बसत नाही. आता अंगणवाडीत मराठी बोलणारी सेविका तेलुगू आईला विचारते, "हट्ट करतो का?" आई म्हणते, "नाही." तिच्या डोळ्यांसमोर मारां येतो आणि तो तर मूल करत नाहीये. सेविका पुढच्या नावाकडे वळते. मुलाला तीन दिवस जुलाब होत असतात.

इथे आपल्या भाषेची आणखी एक ठेव सांगायला हवी. मराठी माणूस आजार सांगतो तो बऱ्याचदा अशाच दोनदा म्हटलेल्या शब्दांत. अंगात कणकण आहे. तापाने फणफणला. अंग कसकसतंय. घशात खवखव, पोटात गुडगुड, छातीत धडधड, डोळ्यांत चुरचुर, मळमळ, जळजळ. कणकण आणि फणफण यांत तापाचा चढ-उतार आहे. थर्मामीटर घरात येण्याच्या आधीपासून तो होता. एखादा जुना डॉक्टर या शब्दांवरूनच निम्मं निदान करतो. मोल्सवर्थ या इंग्रजाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, १८५७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. तो चाळताना अशा नादशब्दांची रेलचेल बघून आजही थक्क व्हायला होतं. एका परक्या माणसाच्या लक्षात आलं की ही भाषा ऐकून लिहिली पाहिजे. किरकिर याच घराण्यातली आहे. ज्याला अजून 'माझ्या कानात ठणकतंय' म्हणता येत नाही त्याची ती कणकण आहे.

हा माझा भावनेचा आग्रह नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९०च्या दशकात पाच वर्षांखालच्या मुलांच्या आजारांसाठी एक कार्यपद्धती तयार केली. नवजात बाळांची भर घालून ती भारतातही वापरली जाते. जुलाब झालेल्या मुलाच्या अंगातलं पाणी किती कमी झालंय हे ठरवताना त्यात चार गोष्टी बघतात: डोळे खोल गेलेत का, पाणी दिलं की अधाशासारखं पितं का, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश मागे जाते का, आणि मूल अस्वस्थ, त्रासलेलं आहे का. ही चौथी गोष्ट म्हणजे आपली किरकिर. चारांपैकी दोन खुणा दिसल्या तर मुलाच्या अंगातलं पाणी कमी झालंय असं धरायचं आणि मीठ-साखरेच्या पाण्याचे, म्हणजे ओआरएसचे, उपचार लगेच सुरू करायचे.

त्याच कार्यपद्धतीत पुढची पायरी आहे, आणि ती प्रत्येक आईबापाला ठाऊक असायला हवी. पाणी आणखी कमी झालं की मूल किरकिर करत नाही. ते गप्प होतं. मलूल पडतं, हाक मारली तर डोळे उघडत नाही. घरातल्या दमलेल्या माणसांना वाटतं, चला, निजलं बिचारं. खरं तर ही दवाखान्याकडे पळत सुटण्याची वेळ असते. किरकिर ऐकू येते आहे तोवर मुलाच्या अंगात सांगण्याइतकी ताकद आहे. ताप असलेलं मूल उचलून घेतल्यावर शांत होण्याऐवजी जास्तच किंचाळत असेल, तर तेही डॉक्टर गंभीरपणे घेतात, कारण मेंदूच्या आवरणाला सूज आली की हलवल्याने वेदना वाढते.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून बसतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता काय होतं ते मी पाहिलेलं आहे. अक्का भिंतीला टेकून बसते, मांडीवर सूप. सुपात तंबाखू, बाजूला भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, कात्री, आणि पानं कापायचा पत्र्याचा तुकडा. बोटं इतकी वेगाने चालतात की डोळ्यांना एक एक हालचाल वेगळी दिसत नाही. भरायची, गुंडाळायची, तोंड दुमडायचं, दोऱ्याचा फेर. शेजारी मूल. जवळपास कुठेतरी यंत्रमागांचा खडखडाट सकाळपासून चाललेला. त्या खडखडाटात मुलाची किरकिर दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही, तिला येते. बोटं न थांबवता ती मान वळवते. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका हजारोंनी आहेत. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, आणि अनेक घरांचा संसार याच सुपावर आला. शहराजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने या कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिथलं हेच दुपारचं चित्र. मुलाच्या तब्येतीची पहिली नोंद या शहरात दवाखान्यात होत नाही. ती सुपाशेजारी होते, आणि ती एका शब्दात होते.

या आयांना कुणी विचारलंच तर कुठल्या शब्दात विचारतं? आरोग्याच्या भित्तिपत्रकांवर 'चिडचिडेपणा' असतो. शाळेच्या फॉर्मवर 'वर्तनसमस्या' असते. दोन्ही वाचून आईला वाटतं, माझ्या लेकराला नावं ठेवतायत. ती सावरून घेते. "नाही हो, शहाणा आहे माझा." आपल्या मुलाला वाईट म्हणायला कुठली आई तयार होईल? पण "किरकिर करतो का? रात्री करतो की दिवसा? निजवल्यावर वाढते का?" असं विचारा, ती धडाधड सांगते, कारण त्यात तिच्या लेकराचा दोष नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये रक्तक्षय असणारी मुलं देशभरात ६७.१ टक्के निघाली. अंगात लोह कमी असलेलं मूल दमतं, त्याचं खाण्यावर मन नसतं, आणि ते किरकिर करतं. म्हणजे बालवाडीत ज्या मुलांच्या नावापुढे 'हट्टी' लिहिलं जातं त्यांतल्या काहींना समज देण्याऐवजी डॉक्टरांना दाखवून लोहाचं औषध द्यायला हवं असेल. यंदा दोन पालकसभांत मी हे बोलले. दुसऱ्या वेळी एक बाप उठून म्हणाला, "म्हणजे पोरं हट्ट करतच नाहीत की काय?" करतात. दोन-तीन वर्षांचं मूल हट्ट करतं, जमिनीवर लोळतं, आणि तो वाढीचाच भाग आहे. म्हणूनच तर दोन शब्द लागतात. हट्टाला हट्ट म्हणा आणि किरकिरीला किरकिर. एकच शब्द उरला की दोन्हीला एकच उत्तर मिळतं, आणि आपल्या घरांतून ते उत्तर बहुतेक वेळा हाताने दिलं जातं.

आईच्या शब्दाला शास्त्रात जागा मिळाल्याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. सिसिली विल्यम्स ही डॉक्टर १९३०च्या दशकात आफ्रिकेत, आजच्या घानामध्ये, काम करत होती. अंगाला सूज आलेली, कातडी सोलवटलेली, सतत त्रासलेली मुलं तिच्याकडे येत. तिने तिथल्या बायकांना विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? 'गा' नावाच्या त्यांच्या भाषेतला शब्द होता क्वाशिओरकोर: धाकटं भावंड आल्यावर दूध तुटलेल्या मुलाला जडणारा आजार. १९३५ साली तिने लॅन्सेट या नियतकालिकात त्याच नावाने तो आजार मांडला. त्या एका शब्दात कारण होतं, वय होतं, घरातली परिस्थिती होती. आज जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी तो शब्द परीक्षेत लिहितात. तो त्या बायकांनी घडवला होता. डॉक्टरीणबाईंनी तो ऐकून घेतला, भाषांतर करून टाकला नाही.

आपल्याकडेही बायका काहीतरी सांगत असतात. मूल फार किरकिर करू लागलं की आजी म्हणते दृष्ट लागली, आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकते. दृष्टीने मूल आजारी पडत नाही, आणि ओवाळून झाल्यावर दवाखान्यात जायला उशीर होता कामा नये, हे मी ठासून सांगते. पण त्या आजीने दोन गोष्टी अचूक हेरलेल्या असतात. मुलात बदल झालाय आणि त्यात मुलाचा दोष नाही. शाळेच्या डायरीला या दोन्ही गोष्टी दिसल्या नव्हत्या.

हाच शब्द मोठ्यांवर वापरला की त्याचं काय होतं तेही बोललं पाहिजे. "म्हाताऱ्यांची किरकिर", "बायकांची किरकिर", असं आपण सर्रास म्हणतो. गुडघे दुखणाऱ्या सासूचं सांगणं किरकिर ठरतं, चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्याबद्दल बोलणारी बाई किरकिरी ठरते. मुलाच्या बाबतीत जो शब्द 'लक्ष द्या' म्हणतो तो मोठ्यांच्या बाबतीत 'लक्ष देऊ नका' म्हणू लागतो. 'बालिश'चंही असंच झालं. बाल म्हणजे मूल, पण संस्कृतातच बालिश म्हणजे मूर्ख असा अर्थ रूढ झाला होता. मूल असणं म्हणजे अक्कल नसणं, ही समजूत इतकी जुनी आहे. मला वाटतं, लहान्याची किरकिर आपण हलक्यात घेतो तीही या समजुतीमुळेच; ज्याला अक्कल नाही त्याच्या तक्रारीत काय तथ्य असणार!

माझी मागणी साधी आहे आणि ती पैशाची नाही. सोलापुरातल्या प्रत्येक अंगणवाडीच्या आणि नर्सरीच्या प्रवेशाच्या कागदावर एक ओळ असावी: तुमचं मूल दुखत-खुपत असताना कसं करतं, आणि त्याला तुमच्या घरी काय म्हणतात? उत्तर मराठीत असो, तेलुगूत, कन्नडमध्ये, दखनीत. आई सांगेल तसं, देवनागरीत उतरवून घ्यावं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा आग्रह धरलेला आहे. तो पाठ्यपुस्तकाआधी या एका ओळीपासून सुरू व्हावा, कारण पाठ्यपुस्तक सहाव्या वर्षी येतं आणि कान तिसऱ्या वर्षी फुटतो. दुसरं, डायरीत शिक्षकांनी मुलाचं विशेषण लिहू नये, क्रियापद लिहावं. काय करतं, कवापासून, कुठल्या वेळी. आणि ते आईला वाचता येईल अशा भाषेत.

कुणी म्हणेल, एवढ्या मुलांत शिक्षिका कुणाकुणाचं बघणार? मीही शिक्षिका आहे, चाळीस मुलांच्या वर्गात दिवस काढलेली. विशेषण लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढाच क्रियापदाला लागतो.

अक्काच्या मुलाला आता त्या नर्सरीतून काढून गल्लीतल्या अंगणवाडीत घातलंय. तिथल्या ताई साध्या दोनशे पानी वहीत रोजचं लिहून ठेवतात, कुणी सांगितलेलं नसताना. परवा ती वही माझ्या हातात आली. मुलाच्या नावापुढे निळ्या शाईत लिहिलं होतं: सकाळपासून किरकिर. कान बघितला, कोरडा आहे. अंग गरम नाही. पाणी पाजलं, दोन भांडी प्यायला. साडेअकराला निजला, आईला निरोप दिला.